रानजनावरांचे नाक आणि आपली राखण

भुईमुगाच्या शेंगा भरू लागल्या, मक्याच्या कणसात दूध धरले, हरभरा घाट्यावर आला, की शेतकऱ्याची झोप उडते. दिवसभर राबायचे आणि रात्री रानडुकरांनी, रोह्यांनी नाही तर हरणांच्या कळपाने येऊन चार महिन्यांच्या कष्टांची माती करायची, असा अनुभव आज महाराष्ट्राच्या बहुतेक जिल्ह्यांत आहे. गावात बैठक घेतली की खत, बियाणे आणि कीड यांच्या आधी हाच प्रश्न पुढे येतो. "साहेब, ते सगळे राहू द्या, आधी जनावरांचे काहीतरी सांगा."

उपाय सांगणारे पुष्कळ असतात. कोणी म्हणतो, न्हाव्याकडचे केस आणून टाका. कोणी म्हणतो, जुनी लुगडी बांधा. कोणी फिनेलमध्ये बुडवलेली दोरी बांधायला सांगतो. गंमत अशी, की तोच उपाय एकाला गुण देतो आणि बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्याला देत नाही. मग पहिला म्हणतो उपाय रामबाण आहे, दुसरा म्हणतो सगळे थोतांड आहे. खरे पाहता दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात. हे उपाय बहुतेक वासाचे आहेत. वासाचे काम कसे चालते, हे समजून न घेता ते केले, तर यश दैवावर अवलंबून राहते. म्हणून आज या वासाचीच चार अंगांनी माहिती घेऊ.

शिकाऱ्याची विद्या उलटी वापरा

माणसाचा वास आणि हरीण यांचा सर्वांत बारकाईने विचार केला तो शिकाऱ्यांनी. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण अमेरिकेत परवाना काढून, ठरलेल्या हंगामात, पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार करण्याची रीत आजही आहे. तेथे धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्याला हरीण वीस-तीस मीटरवर येईपर्यंत झाडावर गुपचूप बसून राहावे लागते. एवढ्या जवळ येणाऱ्या हरणाला माणसाचा नुसता वास आला, तरी ते पाय आपटून, फुरफुरून पळून जाते आणि सोबतच्या सगळ्यांना सावध करते.

म्हणून हे लोक काय काय करतात, ते ऐकण्यासारखे आहे. शिकारीच्या आधी बिनवासाच्या साबणाने अंघोळ करतात. कपडे बिनवासाच्या साबणाने धुऊन, बाहेर वाळवून, झाकणाच्या पेटीत ठेवतात आणि रानात पोचल्यावरच अंगात घालतात. पायात रबरी बूट घालतात, म्हणजे पायाचा वास वाटेवर कमी उतरतो. त्या दिवशी तंबाखू, अत्तर, तळणाचा धूर यांच्या जवळ जात नाहीत. वास शोषून घेणाऱ्या कोळशाचा थर असलेले कपडेही तेथे विकले जातात. एवढे सारे करूनही मुरलेले शिकारी शेवटी एकच गोष्ट सांगतात, की माणसाचा वास कमी करता येतो, पुरता घालवता येत नाही. म्हणून वारा पाहून बसा. वारा हरणाकडून तुमच्याकडे येत असेल तर बसा. तुमच्याकडून हरणाकडे जात असेल तर घरी जा.

शेतकरी बंधूंनो, आपले काम याच्या नेमके उलटे आहे. शिकाऱ्याला आपला वास लपवायचा असतो, राखणदाराला तो पोचवायचा असतो. जनावराला शेतात शिरण्याआधीच कळले पाहिजे, की येथे माणूस आहे. विद्या तीच, फक्त वाऱ्याची बाजू बदलायची.

जनावराचे नाक

गुरे पाळणाऱ्या घराला नाकाची ताकद वेगळी सांगायला नको. गाय व्याली की वासराला चाटता चाटता त्याचा वास मनात पक्का करते आणि मग दहा वासरांतून आपले वासरू हुंगून ओळखते. मेंढी परके कोकरू जवळ करीत नाही, पण तिच्या मेलेल्या कोकराचे कातडे त्या पोरक्या कोकरावर घातले, तर त्याला पाजते. वळू गाईचे मूत हुंगून वरचा ओठ वळवतो आणि मान वर करून उभा राहतो, हे तर लहान मुलांनीही पाहिलेले असते. वरच्या टाळूत असलेल्या एका खास अवयवाकडे तो तो वास पोचवीत असतो. हरणांमध्येही हा अवयव असतो.

हरणाचे किंवा डुकराचे तोंड लांब का, तर नाकाच्या आत पातळ हाडांच्या घड्याच घड्या असतात आणि त्यांवर वास ओळखणारा ओलसर पडदा पसरलेला असतो. घड्या जास्त, म्हणून पडद्याचे क्षेत्र जास्त, म्हणून वासाची जाण जास्त. एकरभर जमिनीला बांध घालून पायऱ्या पाडाव्यात तसा हा प्रकार आहे. नाकाचे टोक ओले असते. त्यामुळे वारा कुठून येतो हे कळते आणि हवेतले कण त्यावर धरून राहतात. आपल्याला आपल्या अंगाचा वास येत नाही, म्हणून तो नाहीच असे समजू नये.

माणसाचा वास म्हणजे तरी काय? नुसत्या ताज्या घामाला फारसा वास नसतो. काखेतल्या आणि अंगावरच्या सूक्ष्म जंतूंनी घाम आणि त्वचेवरचे तेल कुजवले, की वास सुटतो. त्यातच कातडीचे डोळ्यांना न दिसणारे कण सतत गळत असतात, श्वास बाहेर पडत असतो आणि पायांना भरपूर घाम येत असतो. माणूस जेथून चालत जातो, तेथे हा सगळा सडा पडतो. काही हवेत राहतो आणि वाऱ्यावर जातो, काही गवतावर आणि मातीवर बसून राहतो. त्यावर विडी-तंबाखू, चुलीचा धूर, गोठा आणि साबण यांचे वास चढलेले असतात. जनावराला हे सगळे वेगवेगळे कळतात.

कोणते जनावर नाकाचे, कोणते डोळ्यांचे?

ही गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि नेमकी हीच कोणी विचारात घेत नाही. सगळी जनावरे सारख्याच नाकाची नसतात.

रानडुक्कर हे पक्के नाकाचे जनावर. त्याची नजर मंद, पण जमिनीखालची शेंग त्याला वरून कळते. सांबर, चितळ आणि भेकर ही खरी हरणे. यांच्या नरांची शिंगे दरवेळी गळून पुन्हा फुटतात. यांचेही नाक तीक्ष्ण असते. विदर्भातल्या जंगलात वानरांच्या झाडाखाली चितळे चरताना दिसतात. वानर उंचावरून डोळ्यांनी पाहते, चितळ खाली नाकाने हुंगते आणि दोघे एकमेकांच्या इशाऱ्यावर सावध होतात.

काळवीट, चिंकारा आणि नीलगाय, म्हणजे आपला रोही, यांना आपण सरसकट हरणात धरतो. पण ही कुरंग कुळातली जनावरे. यांची शिंगे कायमची असतात, गळत नाहीत. मोकळ्या माळावर राहण्याची यांची रीत असल्यामुळे ती मुख्यतः डोळ्यांवर विसंबतात. सोलापूर जिल्ह्यात नान्नजचा माळ किंवा कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ठाऊक असेल. वारा कसाही असो, दूरवर माणूस दिसला की कळप माना वर करतो. रोह्याची नजर आणि कान चांगले असतात, नाक त्या मानाने कमी.

आता हिशेब सोपा झाला. डुक्कर, सांबर, चितळ, भेकर यांच्यासाठी वासाचे उपाय उपयोगी. काळवीट आणि रोही यांच्यासाठी नुसत्या वासावर भिस्त ठेवू नये. त्यांना दिसणारे, हलणारे, आवाज करणारे काही पाहिजे. ज्याने रोह्यासाठी केस टाकले त्याला गुण आला नाही, यात नवल ते काय! म्हणून उपाय करण्याआधी सकाळी बांधावर फिरून माग पाहावा. जमीन नांगरल्यासारखी उकरलेली असेल तर डुक्कर. शेंडे वरून खुडलेले आणि एकाच जागी लेंड्यांचा मोठा ढीग दिसला तर रोही, कारण रोही पुन्हा पुन्हा ठरलेल्या जागी लेंड्या टाकतो. चोर ओळखल्याशिवाय कुलूप विकत आणू नये.

वारा ओळखा

खळ्यावर उपणणी करणाऱ्याला वारा शिकवावा लागत नाही. पाटी कुठल्या अंगाने धरायची, भूस कुठे जाईल आणि दाणा कुठे पडेल, हे तो वाऱ्यावरून ठरवतो. वासाचेही भुसासारखेच आहे. वास चहूकडे सारखा पसरत नाही. वारा नेईल त्या बाजूला, पुढे पुढे रुंद होत जाणाऱ्या पट्ट्याने तो जातो. वाऱ्याच्या उलट बाजूला तो हातभरही सरकत नाही.

आपल्याकडे खरिपात वारा बहुधा पश्चिम-नैर्ऋत्येकडून वाहतो आणि पावसाळा सरल्यावर, हिवाळ्यात, तो पूर्व-ईशान्येकडे वळतो. पण हे झाले मोठ्या वाऱ्याचे. डोंगराळ भागात आणि ओढ्याकाठी रात्रीचा वारा वेगळा चालतो. दिवसा उन्हाने उतार तापतात आणि हवा वर चढते. सूर्य मावळला की हवा थंड होऊन जड होते आणि पाण्यासारखी उताराने खाली ओढ्यात उतरते. ओढ्याकाठच्या खोलगट शेतात थंडी आणि दव जास्त पडते, ते याच कारणाने. म्हणजे संध्याकाळनंतर टेकाडावर बसलेल्या माणसाचा वास ओढ्याच्या पात्रातून खाली वाहत जातो. डुकरे बहुधा त्याच पात्रातून झाडीच्या आडोशाने वर येतात. आपल्याला हेच हवे आहे.

रात्री हवा शांत आणि दमट असली की वास जमिनीलगत टिकतो. कडक उन्हात आणि सोसाट्याच्या वाऱ्यात तो विरून जातो. जोराचा पाऊस तर सगळे धुऊनच नेतो.

वारा पाहायला कसलेही यंत्र नको. चिमूटभर राख किंवा बारीक कोरडी माती डोक्याच्या उंचीवरून सोडा, नाही तर उदबत्ती लावून धूर पाहा. संध्याकाळी दिवेलागणीला एकदा आणि रात्री जेवणानंतर एकदा, असे आठ दिवस पाहा आणि वहीत टिपून ठेवा. घरातल्या शाळकरी मुलांना हे काम द्यावे, ती ते आवडीने करतात. आठ दिवसांत तुमच्या शेताचा वारा तुम्हाला कळेल.

आता शेताचा एक कच्चा नकाशा काढा. जंगल किंवा ओढा कुठे, जनावर कुठल्या कोपऱ्यातून येते, रात्रीचा वारा कुठून कुठे जातो, ते त्यावर दाखवा. वारा शेताकडून जनावराच्या वाटेकडे जात असेल, तर त्या बाजूला बांधावर केलेला वासाचा उपाय दुरूनच काम करील. वारा जंगलाकडून शेताकडे येत असेल, तर तुमचा वास मागे गावाकडे जाईल आणि जनावर बांधाला नाक लावीपर्यंत त्याला काही कळणार नाही. शेजाऱ्याला गुण आला आणि तुम्हाला नाही, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. अशा रात्री दोरी आणि केस यांवर विसंबू नका. त्या बाजूला उजेड, आवाज आणि माणूस पाहिजे.

वासाचे उपाय आणि त्यांची मर्यादा

केस. सलूनमधले केस शेताच्या कडेने मोकळ्या जमिनीवर हातभर रुंदीच्या पट्ट्यात पसरतात. हैदराबादजवळ राजेंद्रनगर येथील कृषी विद्यापीठात पिकांची नासाडी करणाऱ्या प्राण्यांवर जे संशोधन चालते, त्यात रानडुकरांसाठी हा उपाय सांगितला जातो. डुक्कर जमीन हुंगत येते, त्यामुळे माणसाचा वास तर येतोच, शिवाय बारीक केस नाकपुडीत जाऊन त्याला हैराण करतात. म्हणजे हा उपाय जमिनीला नाक लावणाऱ्या जनावरासाठी आहे. केस गवतावर टाकू नयेत, कारण गवतातून ते वैरणीत येतात. केस पचत नाहीत, गुरांच्या पोटात त्यांचे गोळे होतात. तेव्हा पट्टा आधी खुरपून स्वच्छ करावा आणि तेथले गवत नंतर गुरांना घालू नये. घरातल्या बायकांच्या गुंतवळाला आता विकत घेणारे फिरतात, पैसे येतात. ते विकावे, शेतासाठी सलूनमधले बारीक केसच बरे.

अंगावरचे कपडे. जुनी लुगडी, सदरे, धोतरे बांधतात. वासाच्या दृष्टीने घामेजलेला, न धुतलेला कपडा उपयोगाचा. पेटीतून काढलेली धुवट साडी वाऱ्यावर हलते, त्यामुळे डोळ्यांच्या जनावराला थोडी अटकाव करते, पण नाकाच्या जनावराला ती काही सांगत नाही. दिवसभर अंगात घातलेला सदरा रात्री बांधावर टांगावा आणि दोन-तीन दिवसांनी बदलावा. बुजगावण्यालाही रोजच्या वापरातलाच सदरा घालावा.

दोरी. काथ्याची दोरी उग्र वासाच्या द्रवात बुडवून, खुंट्यांना एकेक फुटाच्या अंतराने तीन ओळींत बांधतात. रॉकेल आता पूर्वीसारखे मिळत नाही आणि आगीचाही धोका असतो. फिनेल चालते, पण ते विहिरीजवळ, पाटाजवळ वापरू नये.

कुजकी अंडी. अमेरिकेत हरणांसाठी मिळणाऱ्या चांगल्या औषधांत कुजक्या अंड्यांचा अंश असतो आणि तुलनात्मक चाचण्यांत ती इतर अनेक वासांपेक्षा सरस ठरली आहेत. कुजलेल्या मांसासारखा हा वास चरणाऱ्या जनावराला धोक्याचा वाटतो. खराब निघालेली अंडी पाण्यात कालवून, फडक्याने गाळून, बांधावरच्या झुडपांवर शिंपडावी. खायच्या भाजीवर शिंपडू नये.

साबण. तेथल्या फळबागांत झाडांना साबणाच्या वड्या टांगण्याचीही रीत आहे. पण वडीचा परिणाम सुमारे एक मीटरपर्यंतच आढळला. चार रोपे वाचवायला ठीक, एकराला नाही.

कडेचे पीक. भुईमुगाभोवती काटेरी करडईच्या आणि मक्याभोवती एरंडाच्या चार ओळी लावल्यास डुकरांना अडथळा होतो. एरंडाच्या उग्र वासाने आतल्या मक्याचा वासही काहीसा झाकला जातो. हा उपाय पेरणीच्या वेळीच करावा लागतो.

कोणताही वासाचा उपाय आठवड्याने ताजा करावा, आणि पाऊस पडून गेला की दुसऱ्याच दिवशी.

जनावर शिकते

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. माणसाचा वास म्हणजे विष नव्हे. तो फक्त एक निरोप आहे, "येथे माणूस आहे, सावध राहा." निरोप खरा ठरतो तोवर जनावर त्याला मानते. पाच-सात रात्री केसांचा वास आला, पण कोणी ओरडले नाही, कोणी धावले नाही, तर ते मनाशी समजून चुकते, की हा माणूस नुसता वासाचा आहे. मग तेच डुक्कर केसांचा पट्टा ओलांडून आत बसते.

याची एक जुनी साक्ष आपल्याच मातीतली आहे. कोल्हापूर संस्थानात शिकवलेले चित्ते काळविटांवर सोडण्याचा छंद होता. चित्ता कळपाजवळ न्यायचा कसा? तर बैलगाडीतून. माळावर रोज बैलगाड्या येत-जात, त्यांच्यापासून काळविटांना कधी त्रास झालेला नव्हता. म्हणून गाडी जवळ आली तरी कळप पळत नसे आणि गाडीतून चित्ता उतरे. जे रोज दिसते, रोज ऐकू येते आणि काही करीत नाही, त्याची भीती जनावर सोडून देते. गावाजवळची डुकरे आज उकिरड्यापर्यंत येतात, ती याच न्यायाने.

यावरून तीन नियम निघतात.

पहिला नियम, उपाय हंगामभर करू नका. ज्या दोन-तीन आठवड्यांत पीक खरोखर धोक्यात असते, तेवढ्यातच करा. पेरणीपासून दोरी बांधून ठेवली, तर शेंगा भरेपर्यंत जनावर तिला सरावलेले असते.

दुसरा नियम, उपाय बदलत राहा. या आठवड्यात केस, पुढच्या आठवड्यात सदरे आणि दुसऱ्या जागी, त्यानंतर अंडी.

तिसरा नियम, वासाच्या मागे माणूस उभा करा. दररोज नाही जमले तरी मधून मधून, ठरावीक नसलेल्या वेळी, जागल झालीच पाहिजे. वास आला आणि त्यापाठोपाठ बॅटरीचा झोत, डबा आणि आरोळी आली, की निरोपाला वजन येते. यासाठी चार-सहा शेजाऱ्यांनी मिळून पाळी लावावी. एकट्याने सात रात्री जागण्यापेक्षा सात घरांनी एकेक रात्र जागणे स्वस्त पडते. शिवाय एकाच्या शेतातून हुसकलेले जनावर दुसऱ्याच्या शेतात शिरत नाही.

जागलीला जाताना दोघांनी मिळून जावे. माळा वाऱ्याच्या वरच्या अंगाला, जनावराच्या वाटेकडे आपला वास जाईल असा बांधावा. उसात, झुडपात अंधारात शिरू नये. पिलांजवळची डुकरीण आणि जखमी डुक्कर सरळ अंगावर येते. जनावराला पळायला वाट मोकळी ठेवून मगच हाकावे.

पाडस सापडले तर

कापणीच्या वेळी पिकात गप्प बसलेले हरणाचे पाडस सापडते. मुलांना ते घरी आणावेसे वाटते. मोठी माणसेही म्हणतात, "आता माणसाचा हात लागला, आई त्याला घेणार नाही." हा समज चुकीचा आहे. पाडसाला पहिले काही दिवस फारसा वास नसतो. म्हणून आई त्याला लपवून स्वतः दूर चरते आणि पाजायला परत येते. ते पोरके नसते. माणसाचा वास लागला म्हणून आई सहसा पिलाला टाकीत नाही, मात्र माणसे भोवती जमली तर ती जवळ यायला धजत नाही.

म्हणून हात लावू नका, कुत्री आवरा आणि तेवढा तुकडा कापायचा ठेवा. अगदीच इलाज नसेल, तर हातात गवताची पेंढी घेऊन तिने पाडस उचला, जवळच्याच बांधावर सावलीत ठेवा आणि सगळे दूर व्हा. तिन्हीसांजेला आई येते. घरी आणून गाईचे दूध पाजलेली पाडसे बहुधा हगवणीने मरतात, आणि वन्यप्राणी घरी ठेवणे हा गुन्हाही आहे. पाडस जखमी असेल तर वनरक्षकाला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

हे मात्र कदापि करू नका

संतापाच्या भरात माणूस नको ते करून बसतो. तारेत सरळ विजेचा प्रवाह सोडणे हा त्यातला सर्वांत घातक प्रकार. त्यात डुकराआधी शेजारी मरतो, पहाटे पाणी द्यायला आलेला घरचाच मुलगा मरतो, बैल मरतो. अशा घटना दरवर्षी वर्तमानपत्रात येतात. तारेवर मनुष्यवधाचा खटला आणि घरावर दुःख, अशी दुहेरी आपत्ती येते. सौर कुंपण वेगळे. त्यात यंत्रातून क्षणभराचा हलका झटका बसतो, जीव जात नाही. गावांना वनविभागाच्या योजनांतून सौर कुंपणासाठी मदत मिळालेली आहे. यंदा काय सोय आहे, याची चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात करावी.

उग्र वास म्हणून फोरेटच्या पुड्या बांधण्याची वाईट सवय काही ठिकाणी आहे. हे कीटकनाशक ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद झाले आहे. घरात जुना साठा असेल तरी वापरू नये. पोरांच्या हाती लागले किंवा पाण्यात उतरले तर अनर्थ होईल. फास, विषारी आमिष आणि गावठी बॉम्ब यांचेही तसेच. बॉम्बने जबडा फुटलेल्या गाई पाहिल्या, की पुन्हा कोणी त्याचे नाव काढणार नाही.

कायदा थोडक्यात असा. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. पिकाचे नुकसान केले म्हणून त्याला मारण्याची परवानगी मिळू शकत नाही. इतर काही जनावरांच्या बाबतीत अधिकृत वनाधिकारी कारणे नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. ती हातात असल्याशिवाय काहीही करू नये.

नुकसान झालेच तर

एवढे करूनही एखाद्या रात्री नुकसान होते. मग हताश होऊन शेत साफ करायला घेऊ नका. रानडुक्कर, हरीण, रोही यांनी केलेल्या पिकाच्या नुकसानीबद्दल शासन भरपाई देते, पण पुरावा जागेवर पाहिजे. दुसऱ्याच दिवशी वनकार्यालयात अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. सात-बारा आणि बँकेच्या पासबुकाची प्रत जोडा. पाऊलखुणा, लेंड्या आणि मोडलेले पीक यांची छायाचित्रे काढा. पाऊलखुणेवर पाटी पालथी घालून ठेवली तर ती पुसत नाही. पंचनामा होईपर्यंत पीक हलवू नका. भरपाई थोडी आहे, उशिरा मिळते, ही तक्रार खरी आहे. पण अर्जच केला नाही, तर गावात नुकसान झालेच नाही अशी सरकारदप्तरी नोंद राहते, आणि मग कुंपणाच्या योजनेतही गाव मागे पडते.

शेवटी एवढेच सांगायचे, की या आठवड्यापासून कामाला लागा. सकाळी माग पाहून जनावर ओळखा. संध्याकाळी राख सोडून वारा पाहा. मग त्या वाऱ्यावर चालेल तोच उपाय, नेमक्या बाजूला, नेमक्या पंधरवड्यात करा. आणि शेजाऱ्यांना बोलावून जागलीची पाळी आजच ठरवून टाका.